गुडघ्याएवढा बर्फ

प्रिय त्सुनेओ,

दचकलात ना? लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी तुम्हाला नावाने कधी हाक मारली नाही. सुरुवातीला 'अहो', मग 'ऐकलंत का', आणि मुलगा झाल्यावर 'योशिनोरीचे बाबा'. आता पत्राची सुरुवात 'ऐकलंत का' अशी कशी करणार? शिवाय भुवया चढवायला तुम्ही समोर नाही. म्हणून लिहून टाकलं. बरं वाटलं. पुन्हाही लिहीन म्हणते.

खरं तर मी हे पत्र लिहिणारच नव्हते. तुम्ही फोन करेपर्यंत मीही करायचा नाही, असं ठरवून बसले होते. नोव्हेंबर गेला, नवं वर्ष आलं, बहिणीकडे, मित्सुयोकडे, मोचीचा चिकट भात कुटून झाला, त्याचे गोळे खाऊन झाले, तुमचा फोन नाही. हट्टात तुम्ही माझ्यापुढे हार मानणार नाही हे मला माहीत आहे. पण मीही तुमच्याच घरात राहून शिकले आहे, हे तुम्ही विसरलात.

आधी एक गोष्ट निस्तरते. मित्सुयो आजारी आहे म्हणून तिची बहीण किनुए, म्हणजे मी, समुद्राकडे गेली आहे, असं तुम्ही सगळ्या ओगुरोसावा गावाला सांगत सुटला आहात म्हणे. गेल्या महिन्यात शेजारच्या हात्सुएने तिच्या तब्येतीची चौकशी करायला फोन केला, आणि तो उचलला खुद्द मित्सुयोने. "कोण आजारी? मी? कोण म्हणतं?" माझी बहीण संत्र्यांची पेटी कमरेवर टेकवून शेडमधून फोनपर्यंत धावत आली होती, इतकी ती आजारी आहे. तिकडे हात्सुए हसून हसून लोळली असेल. पुढे तिने मला काय विचारलं ठाऊक आहे? "अगं, जाताना मला का नाही नेलंस?"

तेव्हा आता खरं सांगायला लागा. मी आजारपण काढायला आलेली नाही. हिवाळ्याच्या कामाला आले आहे. बहिणीच्या शेडमध्ये संत्री निवडते, मोठी एकीकडे, बारकी एकीकडे, डागाळलेली तिसरीकडे. दुपारी अंगणात कपडे वाळत घालते आणि ते वाळतात. फेब्रुवारीत! उन्हात! पहिल्या दिवशी तुमचा तो जुना बनियन, जो मी चुकून बॅगेत भरून आणला होता, तोही धुऊन दोरीवर टाकला आणि खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले. मित्सुयो म्हणाली, "ताई, बनियन काय बघतेस?" म्हटलं, वाळताना बघते आहे. तिला कळलं नाही. सगळा हिवाळा घरातच, शेगडीवर टांगून, धुराच्या वासाचे ओलसर कपडे अंगात घालणाऱ्यालाच ते कळतं.

तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "गेलीस तर वसंतात परत यायचं नाही." मी "बरं" म्हटलं आणि बसच्या थांब्याकडे चालू लागले. वळून पाहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, काय दगडाच्या काळजाची बाई आहे. पण अहो, जायच्या आधी घराच्या खिडक्यांना बर्फ अडवायच्या फळ्या ठोकल्या होत्या कोणी? मुळे उपटून, धुऊन, मिठात दाबून पिंप भरलं होतं कोणी? कोबी पेंढ्यात पुरून वर काठी रोवून ठेवली होती, फावडी दारामागे लावली होती, तुमचे लोकरीचे मोजे रफू करून वरच्या खणात ठेवले होते. टाकून जाणारी बाई एवढं करत नाही. कामाला जाणारं माणूस करतं. तुम्हीही जाताना असंच सगळं करून जायचात. आठवतं?

आठवणारच. कारण आपलं जमलं तेच तुमच्या हिवाळ्याच्या कामामुळे. तुम्ही आमच्या बाजूला रुळांच्या कामावर आला होतात आणि माझ्या आत्याच्या खानावळीत दोन्ही वेळ जेवायचात. बर्फाच्या मुलखातला माणूस म्हणून सगळे तुम्हाला चिडवायचे. मी बर्फ पाहिला होता तो लांबून, फुजीच्या डोक्यावरचा. तिथे तो फार शोभतो. सार वाढता वाढता मी विचारलं होतं, "तुमच्याकडे किती पडतो हो?" तुम्ही तोंडातला घास गिळलात, विचार केलात, आणि खाली वाकून हात गुडघ्याला लावलात. "इथपर्यंत." मी घरी जाऊन रात्रभर हिशेब केला. पावलापर्यंतचा बर्फ मला आवडला असता. गुडघ्यापर्यंतचा सोसता आला असता. त्याच्या वर नको. तुमचे दात चांगले होते, बोलणं कमी होतं, आणि गुडघ्यापर्यंतचा म्हणजे काही फार नव्हे. मी हो म्हटलं.

लग्न जूनमध्ये केलंत, हीसुद्धा तुमची लबाडीच. भाताची हिरवीगार पायऱ्यापायऱ्यांची शेतं, बेडूक, धुकं. मी म्हटलं, वा! मग एकदा जेवताना मी मामंजींना गुडघ्याची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. उठले, विळा आणला, मला दाराच्या खांबाला टेकवून उभं केलं आणि माझ्या गुडघ्याच्या उंचीवर खांबावर खाच पाडली. "सूनबाई, हा तुझा करार. बर्फ याच्या वर गेला तर त्याला जाब विचार." सासूबाई तोंडाला पदरासारखी बाही लावून हसत होत्या. तुम्ही तेवढे हसला नाहीत. कान लाल करून भात खात राहिलात.

डिसेंबर संपायच्या आत खाच पुरली गेली. नवीन वर्षाला खालचा मजला अंधारात गेला. जानेवारीत आपण माडीच्या खिडकीतून ये-जा करू लागलो, आणि तीही खिडकी रोज सकाळी खणून काढावी लागायची. मी तुम्हाला विचारलं, "हा गुडघा कोणाचा?" तुम्ही म्हणालात, "डोंगराचा." एवढ्यावर माझी समजूत घालायला निघाला होतात! आणि मी हसलेही होते. नवी नवरी होते ना.

पहिला हिवाळा तुम्ही घरी थांबलात, पण दुसऱ्या हिवाळ्यापासून मात्र हसू आलं नाही. पहिला बर्फ पडला की गावातले सगळे पुरुष पिशव्या बांधून कामाला निघायचे आणि वितळला की परतायचे. कुठे जायचे? जिथे बर्फ नाही तिथे. तुम्ही कुठे गेलात? माझ्या माहेरी. म्हणजे माझ्या वाटणीचं ऊन तुम्ही खात होतात आणि तुमच्या वाटणीचं छप्पर मी उपसत होते. पोटात योशिनोरी असतानाही उपसलं. चार हात बर्फ उतरवून खाली पाहावं तर खालचा ढीग छपराला टेकलेला, म्हणजे मग तो ढीगही हलवायचा. वसंतात तुम्ही यायचात ते खरपूस भाजून, खांद्यावर संत्र्यांची पेटी घेऊन. गाव म्हणायचं, "बिचारा त्सुनेओ, घरासाठी किती लांब राबून आला!" बिचारा! माझी बोटं फुटून त्यातून रक्त यायचं, त्या बोटांनी मी ती संत्री सोलायचे, आणि साल झोंबायची. पण किनुए बिचारी असं कोणीही कधीही म्हणालं नाही. सून छपरावर चढते यात काय विशेष? छप्पर असतंच कशाला?

सासूबाईंबद्दल मात्र माझी तक्रार नाही. कडक होत्या, पण माझ्याबरोबर फावडं मारायच्या. मी पहिल्यांदा छपरावर बसून रडले तेव्हा त्यांनी खालून ओरडून सांगितलं, "रडून घे बाई, पण बसून रडू नकोस, बूड गोठेल. उभ्याने रड." आणि त्यांनीच मला ते दूर गेलेल्याचं ताट वाढायला शिकवलं. आमच्या बाजूला समुद्रावर गेलेल्यांसाठी वाढतात, पण आमच्या घरात समुद्रावर जाणारं कोणी नव्हतं. रोज संध्याकाळी तुमच्या जागेवर तुमचं ताट. भात, सार, लोणचं, असेल तर माशाचा तुकडा. वाडग्यावर झाकण. जरा वेळाने सासूबाई झाकण उचलून आतून बघायच्या. थेंब जमलेले असले की म्हणायच्या, "बरा आहे हो." मग ते ताट मी खायचे. तुमच्या वाटचं जेवण मी किती वर्षं जेवले याचा तुम्ही कधी विचार केलात?

एकदा सगळा दिवस छपरावर गेला आणि मी सकाळचाच भात तुमच्या वाडग्यात घातला. झाकण उचललं तर कोरडं ठणठणीत. रुळांवर काही झालं, डबा घसरला, दरड आली, काय काय डोळ्यांसमोर आलं. मी हंबरडा फोडला. सासूबाई शांतपणे उठल्या, चुलीवर भात वाफवला, वाडग्यात भरला, झाकण ठेवलं, थांबल्या, उचललं. "हे बघ. आहे बरा." मग म्हणाल्या, "अगं, त्याचं त्याला ठाऊक. आपण आपलं गरम वाढावं." मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुमच्या जिवाची खबर तिकडून येत नव्हती, आमच्या चुलीवर बनत होती, हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल असं वाटायचं.

असो. तर एवढे हिवाळे तुम्ही उन्हात राहिलात आणि कोणी तुम्हाला 'परत यायचं नाही' म्हटलं नाही. मी एक हिवाळा आले तर गावाला उलटं दिसतं, बाई कामाला आणि बुवा घरी. दिसू दे. माझं साधं म्हणणं आहे, माझी पाळी आली.

तुमचं म्हणणंही मला पाठ आहे. बर्फ नसेल तर उन्हाळ्यात शेताला पाणी कुठून? भाताला ती गोडी कुठून? बर्फाखालच्या गाजराची चव दुसऱ्या कुठल्या गाजराला आहे का? नाही. मान्य. इथलं गाजर खाल्लं, लाकूड. मी बर्फाच्या विरुद्ध नाही हो. डोंगरावर हवा तेवढा पडू दे, माझी काही हरकत नाही. प्रत्येकाचं आपलं माप असतं. तुम्हाला माडीची खिडकी बुडाल्याशिवाय हिवाळा आल्यासारखा वाटत नाही. हात्सुएला तिच्या जावेचं अंगण दिसेनासं होईल एवढाच हवा असतो. योशिनोरीला टीव्हीत पुरतो. माझं माप तुमच्या दारखांबावर कोरलेलं आहे, माझ्या सासऱ्यांनी, विळ्याने. मी ते कधी बदललेलं नाही. तुम्हाला वाटलं, एवढी वर्षं बोलली नाही म्हणजे सवय झाली असेल. सवय हाताला झाली. मला नाही.

आणि हेही लिहिते, कारण खोटं लिहायला मी काही त्सुनेओ नाही. इथेही मला पहाटे जाग येते. बर्फ पडत असला की आपल्याकडे कसं सगळं एकदम गप्प होतं, तसं गप्प झालं आहे का ते ऐकत पडते. इथे गप्प कधीच होत नाही, समुद्र बडबडत असतो. मग तुम्ही उठला असाल, बर्फात न रुतणारे वेताचे जोडे पायांना बांधून हात्सुएच्या दारापर्यंत वाट तुडवत असाल, असं मनात येतं. ती वाट आळीपाळीने तुडवायला आता गावात घरं तरी किती उरली! तुमचा डावा गुडघा दुखतो. छपरावर जाताना कमरेला दोर बांधत नाही, हेही हात्सुए सांगते. बांधा. पुरुषाने दोर बांधला तर लोक हसतात म्हणे. मला तर लोक नोव्हेंबरपासून हसत आहेत, काही झालं नाही मला. मला तुमची काळजी वाटते, फार वाटते. पण काळजी वाटते म्हणून परत येऊन फावडं घ्यायचं, हे मात्र मी करणार नाही. ती युक्ती माझ्यावर पुष्कळ वर्षं चालली.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. काल सकाळी, आम्ही नुकत्याच पेट्या उघडत होतो, तेव्हा हात्सुएचा फोन आला. घाबरली होती. म्हणाली, "किनुए, तू धड आहेस ना? आधी बोल. तुझा आवाज ऐकू दे." म्हटलं, मला काय धाड भरली आहे? तेव्हा तिने सांगितलं. तुम्ही उजाडायच्या आत, वाट तुडवायच्याही आधी, कमरेएवढ्या बर्फातून तिच्या दारात जाऊन उभे राहिलात. टोपी नाही, मिशीवर बर्फ. म्हणालात, "जरा तिकडे फोन लाव. मी लावणार नाही, तू लाव." तिने विचारलं, काय झालं? तुम्ही काही केल्या सांगेनात. शेवटी म्हणालात, "काल झाकणाला थेंब नव्हते." ती तशीच तुमच्याबरोबर घरी आली. माझ्या जागेवर माझं ताट होतं. भात, सार, माझ्याच पिंपातला मुळा, वाडग्यावर झाकण. हात्सुए म्हणते, मी गेले त्या दिवसापासून रोज वाढता. गावाला सांगता बहीण आजारी, मला सांगता परत येऊ नकोस, आणि संध्याकाळी दार लावून माझं ताट वाढता. अहो त्सुनेओ, परत यायचं नसलेल्या माणसाचं ताट कोणी वाढत नाही. मी फोन ठेवला आणि संत्र्यांच्या ढिगात बसून रडले. हो, बसूनच. इथे बूड गोठत नाही. पण म्हणून मी निघून येईन असं समजू नका. दारखांबावरची माझी खूण बर्फातून वर आली की हात्सुएला सांगा, मी पुढच्या बसने येईन, संत्र्यांची पेटी घेऊन, खरपूस भाजून, आणि गावाने मला 'बिचारी' म्हटलेलं मी ऐकून घेईन. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा जाईन, हेही आत्ताच सांगून ठेवते. यायचं असेल तर तुम्हीही चला, शेडमध्ये डागाळलेली संत्री वेचायला माणूस हवाच आहे. तोवर एवढंच करा. तुम्ही सकाळी एकदाच भात लावता आणि परवा फुकट वीज जाते म्हणून कुकरचं बटण बंद केलंत, हे मला इथे बसून दिसतं आहे. गार भाताला थेंब कुठून येणार? बटण चालू ठेवा. भात गरम असतानाच वाडग्यात भरा, लगेच झाकण ठेवा, थोडं थांबा, मग उचला. मी बरी आहे.

तुमचीच, अजूनही,
किनुए